तीन चाळीसचा फोन

विश्वास ठेवा, असं मी म्हणणार नाही. मीही आधी ठेवला नव्हता.

पण हे माझ्या सख्ख्या बहिणीच्या बाबतीत घडलंय. आणि शेवटचं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय, मांडीवर माझं आठ महिन्यांचं बाळ असताना.

भुताच्या गोष्टीला रात्र लागते म्हणतात. इथे रात्र नाहीच. जे झालं ते भर दुपारी, लख्ख उजेडात. पावणेचारला पाच मिनिटं कमी असताना.

अजूनही ती वेळ जवळ आली की मी घड्याळाकडे पाठ करून बसते.

माझी ताई एका वैद्यकीय विद्यापीठात नोकरीला. रुग्णालयात नाही हं, त्याच आवारातल्या देणगी विभागात. दुसरा मजला. तीन टेबलं, एक कपाट, आणि खिडकीतून समोर निवासी डॉक्टरांच्या गॅलरीत वाळणारी पांढरी ॲप्रन. लोक विद्यापीठाला देणग्या देतात. कुणी संशोधनासाठी, कुणी होतकरू मुलांच्या डॉक्टरकीच्या शिक्षणासाठी. खालच्या दारापाशी भिंतीवर त्यांची नावं कोरतात. आणि ताईचं काम म्हणजे त्या लोकांना पत्रं लिहायची. तुमच्यामुळे हे झालं, तुमच्यामुळे ते झालं.

"मी पगारी आभारी आहे," ती म्हणायची.

खरं तर तिला स्वतःलाच डॉक्टर व्हायचं होतं. दोन मार्कांनी गेलं. गोष्ट जुनी, पण आमच्या आईनं ती जुनी होऊ दिली नाही. घरी कुणी आलं, चहा ठेवला, की आईचं सुरू. "दोन मार्कांनी गेलं हो हिचं!" जसे काही ते दोन मार्क ताईनं घरी आणताना वाटेत सांडले होते.

मी धाकटी. माझं सगळंच गोड.

"तू आईची लेक, मी आईची तक्रार," ताई म्हणायची. हसून म्हणायची. पण म्हणायची.

हे आधी सांगितलं, कारण पुढचं सगळं त्यातूनच निघालं.

त्या वर्षी ताईच्या विभागात एक वयस्क बाई आल्या. जन्मभर याच रुग्णालयात परिचारिका होत्या. सगळे त्यांना सिस्टर म्हणत, आपणही सिस्टरच म्हणू. त्यांची एकुलती एक मुलगी इथेच डॉक्टरकी शिकत होती. शेवटच्या वर्षाला असताना रक्ताच्या एका आजारानं गेली. आईची ड्यूटी असायची त्याच वॉर्डात.

निवृत्त झाल्यावर सिस्टरनी राहतं घर विकलं आणि मुलीच्या नावानं शिष्यवृत्ती ठेवली. एका तरुण डॉक्टरनं दोन वर्षं त्याच आजारावर संशोधन करायचं, जोडीला वॉर्डही शिकायचा.

"तिच्या वेळी त्या दुखण्याला धड नावसुद्धा नव्हतं," त्या म्हणाल्या. "निदान पुढच्या पोरीच्या कागदावर नाव तरी लिहिता येईल."

ताईच्या साहेबांनी विचारलं, "भिंतीवर पाटी कुठे लावू?"

"पाटी नको. छापील अहवालही नको. महिन्याला एक पत्र हवं. शिकणाऱ्या डॉक्टरनं स्वतःच्या हातानं लिहिलेलं."

एवढी एकच अट.

पहिली शिष्यवृत्ती मिळाली ती मुलगी हुशार. पण छत्तीस तासांची ड्यूटी, वर प्रयोगशाळा. पहिल्या पत्राच्या वेळी ती ताईच्या टेबलाशी उभी राहिली तेव्हा डोळे लाल, केसांना दोन दिवस कंगवा नाही.

"ताई, तुमचं अक्षर किती सुरेख आहे... तुम्हीच लिहा ना. मी सही करते."

साहेब आतून म्हणाले, "लिहून टाका हो. म्हातारीला काय कळतंय!"

ताईनं लिहिलं. किती नमुने तपासले, कुठल्या पेशंटला ताप उतरल्यावर हसू आलं, असं काय काय. डॉक्टरणीनं न वाचताच सही ठोकली आणि पळाली.

चौथ्या दिवशी उत्तर आलं.

"पोरी, उभ्यानं जेवू नकोस. टाचा दुखत असतील तर घरी गेल्यावर कोमट पाण्यात पाय सोडून बस. डॉक्टर दुसऱ्यांना सांगतात आणि स्वतः विसरतात."

पत्र डॉक्टरणीला होतं. ताईनं ते चार वेळा वाचलं, आणि पर्समध्ये ठेवलं.

ताईच्या टाचा खरंच दुखायच्या. आजवर कुणी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या पत्रापासून ताई स्वतःचं घालू लागली. स्वतःचा थकवा. स्वतःची पाठदुखी. आपण कितीही केलं तरी घरी कमीच पडतो, हेही. सही मात्र डॉक्टरणीची. सिस्टरची उत्तरं लांबत गेली... आणि चौथ्या पत्राच्या तळाशी, सहीच्या वर, ताईनं दोन शब्द लिहिले.

'तुमची लेक.'

"हात अडखळला नाही का गं?" मी नंतर विचारलं.

"नाही. तेच तर! हात एकदम हलका झाला."

आठवड्याभरात पार्सल आलं. वर नाव डॉक्टरणीचं. ताईनं ते ऑफिसच्या बाथरूममध्ये नेऊन उघडलं.

आत हातानं विणलेला स्वेटर. राखाडी. गळ्याला निळी किनार. सोबत चिठ्ठी...

"माझ्या मुलीसाठी विणत होते. एक बाही राहिली होती. तू 'लेक' लिहिलंस, आणि मी बाही पुरी केली."

डॉक्टरीण उंच, काडीसारखी. ताई बुटकी, खांद्यात भरलेली. तिनं स्वेटर घालून पाहिला.

मापून घेतल्यासारखा बसला.

ताईला खाली जाऊन तो देता आला असता. तिच्या मनात काय आलं, ते तिनं मला खरं खरं सांगितलंय, म्हणून सांगते. 'तिला ॲप्रन मिळालं. तिला शिष्यवृत्ती मिळाली. हे पण तिलाच?'

स्वेटर ताईच्या अंगावरच घरी गेला.

त्यानंतर तिसरा दिवस. दुपारी चारच्या सुमाराला ताईनं काहीतरी विचारायला आईला फोन केला. आई एकटी राहते. तिच्याकडे अजून जुना लँडलाइन आहे, लांब वायरचा. कुणाचा फोन आला ते त्यावर दिसत नाही.

"आई, अगं मी बोलतेय."

"परत? आत्ता तर वीस मिनिटं बोललीस!"

"मी?"

"नाही, शेजारीण! काही विसरलीस का?"

ताईला वाटलं, आईचा घोटाळा झालाय. वय झालं.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. रोज तीन चाळीसला.

"हल्ली किती गोड बोलतेस गं," आई म्हणाली. "माझ्या गुडघ्याचं विचारतेस. सुजेवर बोट दाबून खड्डा पडतो का बघ म्हणालीस, पडला बघ. अगदी डॉक्टरसारखं सांगतेस हो!"

डॉक्टरसारखं...

ताईला तो खड्ड्याचा प्रकार ठाऊकही नव्हता.

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी रोज दुपारी बाळ झोपलं की आईला फोन करायचे, तो सतत एंगेज. संध्याकाळी लागला की आई ताईचं कौतुक सुरू करायची. ताई अशी, ताई तशी. माझ्या बाळाला दात आला, तेसुद्धा तिनं अर्धवट ऐकलं.

खोटं कशाला बोलू? माझा जळफळाट झाला. तीस वर्षांची माझी गादी ताईनं दोन आठवड्यांत पटकावली होती.

निदान मला तसं वाटत होतं.

पाचव्या पत्राचा दिवस आला. ताई ऑफिसात लिहायला बसली. तीन पानं झाली. शेवटी 'तुमची लेक' लिहिलं. पाणी प्यायला उठली, परत आली...

'तुमची' होतं. पुढचा शब्द नव्हता.

खाडाखोड नाही. शाईचा डाग नाही. कागद कोरा, जसा कधी पेन टेकलंच नव्हतं.

आपणच विसरलो असू, असं म्हणून तिनं पुन्हा लिहिलं. या वेळी उठली नाही. नजर हटवली नाही. मागे कुणीतरी खुर्ची सरकवली, म्हणून फक्त एकदा वळून पाहिलं.

मागे खुर्ची नव्हती. कपाट होतं.

समोर पाहिलं... शब्द गेला होता.

भिंतीवर तीन चाळीस.

त्याच संध्याकाळी ती मुलीला आणायला पाळणाघरात गेली. तिची मुलगी चार वर्षांची. दिवसभर काही ना काही कुरतडत असते म्हणून आम्ही तिला खारू म्हणतो.

पाळणाघरातल्या बाई म्हणाल्या, "आज दोनदा आलात! दुपारी पाचच मिनिटं बसलात तिच्यापाशी. तो राखाडी स्वेटर छान दिसतो हो तुम्हाला. मागून लगेच ओळखलं."

स्वेटर ताईच्या अंगावर नव्हता. घरी कपाटात होता.

ताईनं खारूला झटकन कडेवर उचललं. घरी गेल्यावर तिनं अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "खारू, दुपारी कोण आलं होतं गं?"

"आई."

"मी?"

खारूनं तिच्याकडे नीट बघितलं. "तू नाही. ती आई."

"काय करते ती?"

खारूनं बाहुली घेतली. तिचं मनगट दोन बोटांनी धरलं. आणि गप्प बसली... ओठ हलवत, मोजत.

नाडी. चार वर्षांच्या पोरीला नाडी कुठे असते ते बरोबर माहीत होतं.

"मग ती म्हणते, छान चाललंय. आणि जाते," खारू म्हणाली. "ती तुझ्यासारखी ओरडत नाही."

त्या क्षणी आपल्याला नुसती भीती वाटली नाही, असं ताई सांगते. भीतीच्या वर काहीतरी आलं. आपलं पोर कुणीतरी आपल्याहून बरं सांभाळतंय, याचा तो जाळ होता. आई झालेल्या बाईला तो वेगळा समजवावा लागत नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं रजा टाकली. खारूला माझ्याकडे सोडलं. स्वेटर पिशवीत घातला आणि थेट सिस्टरचं घर गाठलं.

तळमजल्यावरची एक खोली. पलंगाच्या चादरीचे कोपरे रुग्णालयातल्यासारखे घट्ट दुमडलेले. टेबलावर फोन, आणि फोनसमोर खुर्ची. दुसरी खुर्ची नव्हतीच.

ताईनं दारातच सांगून टाकलं, "सिस्टर, ती पत्रं डॉक्टरणीनं नाही, मी लिहिली. मी क्लार्क आहे."

"माहीत आहे," सिस्टर म्हणाल्या. "आत ये."

"कधी कळलं?"

"पहिल्याच पत्रात. चाळीस वर्षं डॉक्टर पाहिलेत मी. दमलेला डॉक्टर तीन पानं लिहीत नाही. तीन ओळी लिहितो, त्याही वाचता येत नाहीत."

"मग उत्तरं कशाला दिलीत?"

सिस्टरनी चादरीवरून हात फिरवला. एकही सुरकुती नव्हती, तरी.

"कुणीतरी लेक म्हणेल असं वाटलं होतं. तू म्हणालीस."

ताईनं स्वेटर पुढे केला, आणि मग फोनचं सगळं सांगितलं. आईचं. खारूचं. सिस्टर चादरीकडे बघत ऐकत होत्या. वेळ ऐकली तेव्हा मात्र त्यांनी टेबलावरच्या फोनकडे पाहिलं.

"तीन चाळीसला तिची वॉर्डातली फेरी संपायची," त्या म्हणाल्या. "माझी सकाळची पाळी, तोवर मी घरी आलेली असायचे. कॅन्टीनच्या फोनवरून मला फोन करायची. रोज. ती गेली, तरी तो वाजायचा थांबला नाही. अकरा वर्षं! रोज उचलायचे मी."

"मग... काय बोलायची?"

"काही नाही. नुसता श्वास. मागे ट्रॉलीच्या चाकांचा आवाज. मला तेवढं पुरायचं."

"आणि आता?"

"तुला स्वेटर पाठवला, त्या दिवसापासून वाजला नाही."

ताईनं स्वेटर फोनशेजारी ठेवला.

"लहानपणापासून तशीच," सिस्टर हळूच म्हणाल्या. "वॉर्डातल्या एखाद्या पोरीची मी वेणी घातली, तरी दोन दिवस माझ्याशी अबोला. तू माझी आई घेतलीस ना? मग तिनं तुझी घेतली. हिशेब सरळ आहे तिचा."

मग त्यांनी ताईकडे पाहिलं. ती नजर वेगळी होती.

"तुझ्या आईशी ती... बोलते?"

"हो."

"शब्द? वाक्यं?"

"वीस-वीस मिनिटं."

सिस्टरनी स्वेटरची घडी घातली. कोपऱ्याला कोपरा. बोटं पांढरी पडेपर्यंत दाबून.

"माझ्याशी अकरा वर्षांत एक अक्षर बोलली नाही," त्या म्हणाल्या. "काय आहे गं तुझ्या आईत असं?"

"सिस्टर, तिला परत बोलवा. तुमच्या पाया पडते!"

"बोलावून येत असती, तर मी घर विकून देणगी कशाला दिली असती?"

ताई परत आली ती माझ्याकडे. तेव्हा मला हे सगळं पहिल्यांदा कळलं. मी काय म्हणाले असेन? "ताई, तुला विश्रांतीची गरज आहे." हेच.

"चल मग," ती म्हणाली. "उद्या दुपारी आईकडे. मी तिच्या समोर बसलेली असेन. मग बघू कोण फोन करतं."

गेलो आम्ही. खारू भावजींपाशी, माझं बाळ माझ्या मांडीवर. आईनं चहा केला. ताईनं आडवळण न घेता सांगितलं, "आई, रोज दुपारी फोन येतो ना, तो मी करत नाही."

आईनं कपात साखर ढवळली. ढवळतच राहिली.

तीन पस्तीस.

तीन अडतीस. बाळाची चुळबुळ चालली होती, ती एकदम थांबली. ते फोनकडे बघायला लागलं.

आणि मग...

घंटा वाजली.

ताई आईच्या समोर बसली होती. हातभर अंतरावर. दोन्ही हात टेबलावर.

आईनं ताईकडे पाहिलं. फोनकडे पाहिलं. ती घाबरली नव्हती, हेच मी आजवर विसरू शकलेले नाही. खास पाहुणा दारात यावा आणि घरात नेमका पसारा पडलेला असावा, तसं तिचं तोंड झालं होतं.

तिनं फोन उचलला.

"थांब हं बाळा," ती म्हणाली. "घरात माणसं आहेत."

माणसं!

फोन घेऊन, वायर ओढत ती आतल्या खोलीत गेली. दार लोटलं. कडी लावल्याचा आवाज आला.

आतून आईचं हसू ऐकू येत होतं. मोकळं, पोटातून आलेलं. मध्येच म्हणाली, "आमच्या डॉक्टरीणबाई!" आणि पुन्हा हसली.

ताई रडली नाही. दाराकडे बघत म्हणाली, "माझ्याशी कधी अशी हसली नाही गं ती."

माझ्या मनात वेगळंच चाललं होतं. माझ्याशीसुद्धा नव्हती हसली. मी तर लाडकी!

या गोष्टीला आता पाच महिने झाले.

ताईनं पत्रं बंद केली, साहेबांना खरं सांगितलं. डॉक्टरीण आता स्वतः लिहिते. तीन ओळी, त्याही वाचता येत नाहीत. पण सिस्टर त्या जपून ठेवतात म्हणे. त्यांचा फोन मात्र अजून वाजलेला नाही. ताईनं पाळणाघर बदललं. खारूकडे ती पुन्हा आली नाही... बहुतेक. फक्त झोपताना खारू स्वतःचं मनगट दोन बोटांनी धरते आणि ओठ हलवते.

आईचा लँडलाइन भावजींनी त्याच आठवड्यात बंद करवला. वायर भिंतीतून काढली. आईनं हूं की चूं केलं नाही.

पण तीन चाळीस झाले की ती आतल्या खोलीत जाते. कडी लावते. मी दाराला कान लावून पाहिलंय. आई बोलते. थांबते. पुन्हा बोलते. ती थांबते तेव्हा, खूप लांबून... चाकांचा आवाज येतो.

गेल्या महिन्यात आईनं विणायला घेतलं. लोकर राखाडी. गळ्याला निळी किनार. आईला त्या स्वेटरबद्दल आम्ही कधीच सांगितलेलं नाही.

"कुणासाठी गं?" मी विचारलं.

"आहे एकीसाठी."

"मला बाळासाठी टोपरं विणून दे ना आधी."

"आधी हिचं होऊ दे," आई म्हणाली. सुया थांबल्या नाहीत. "त्यांच्या वॉर्डात फार गार असतं म्हणे. पुरा झाला की स्वतः घ्यायला येते म्हणालीये."

काल मी पुन्हा गेले होते. स्वेटरची पाठ झालीय, पुढचा भाग झालाय.

एकच बाही राहिलीय.